बिग बँग, रिकामी पोकळी आणि देव: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात विश्वाच्या सुरुवातीवर माझा लेख आला होता. त्यात बिग बँगचे पुरावे सांगून झाल्यावर शेवटी मी एक ओळ लिहिली होती की विश्व मुळात अस्तित्वात का आहे, या प्रश्नाचं उत्तर आज भौतिकशास्त्राकडे नाही. त्या एका ओळीवर पत्रं आणि ईमेल येतच राहिले, कुणी खूश होऊन लिहिलं, कुणी चिडून, काहींनी पानंच्या पानं लिहिलीत, त्यामुळे या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: बिग बँग म्हणजे विश्वाला सुरुवात आहे. ज्याला सुरुवात आहे त्याला कर्ता असणारच. मग विज्ञानानेच ईश्वर सिद्ध केला असं तुम्ही स्पष्ट का म्हणत नाही?

उत्तर: सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बिग बँगची मूळ कल्पना ज्यांनी मांडली ते जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बेल्जियमचे. १९२७ मध्ये त्यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांवरून दाखवलं की विश्व प्रसरण पावतंय, दोन वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ हबल यांच्या मोजमापांनी त्याला बळ मिळालं, आणि १९३१ मध्ये लमेत्र पुढे जाऊन म्हणाले की मागे मागे जात राहिलं तर सगळं विश्व एका 'आदिम अणू'तून निघालेलं असलं पाहिजे. आता असा माणूस, धर्मगुरू आणि वर विश्वाला सुरुवात होती म्हणणारा, त्यांनी तर तुमचंच म्हणणं उचलून धरायला हवं होतं. झालं उलट. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात असं सुचवलं की आधुनिक विज्ञान निर्मितीच्या त्या पहिल्या क्षणाची साक्षच देतंय, आणि हे लमेत्रना अजिबात रुचलं नाही. पुढे १९५८ च्या सॉल्व्हे परिषदेत, म्हणजे शास्त्रज्ञांच्याच बैठकीत, त्यांनी स्पष्ट सांगितलं की ही थिअरी धार्मिक प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेरची आहे, देव नाकारणाऱ्यालाही ती मोकळं ठेवते आणि मानणाऱ्यालाही. आणि असं म्हणणाऱ्या माणसाला दोनच वर्षांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचं अध्यक्ष केलं गेलं.

लमेत्र इतके सावध का होते ते बिग बँगचा पुरावा नेमका कशाचा आहे हे पाहिलं की कळतं. १९६४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करत होते, आणि त्यात एक खरखर येत होती जी जाईचना, अँटेना कुठेही फिरवा, दिवस असो रात्र असो, तेवढीच. कबुतरांनी आत घाण केली होती ती सुद्धा त्यांनी साफ केली. खरखर तशीच. ती होती विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश, जो ताणला जाऊन आज शून्याखाली २७० अंश सेल्सिअसइतका थंड झालाय आणि सगळ्या दिशांनी येतोय. याच्याही मागे आपल्याला जाता येतं, पहिल्या काही मिनिटांत किती हेलियम तयार झालं असेल ते काढता येतं आणि ते आकाशात दिसतं त्याच्याशी जुळतं. पण त्याच्या अजून मागे, १ सेकंदाचा इतका सूक्ष्म भाग की दशांश चिन्हानंतर ४२ शून्यं द्यायची आणि मग १ लिहायचा, तिथे गेलं की गुरुत्वाकर्षणाची समीकरणं चालतच नाहीत. म्हणजे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व प्रचंड गरम आणि दाट होतं हे पक्कं आहे. ती खरोखरची पहिली सुरुवात होती की आधीच्या कशाचं तरी पुढचं पान, हे माहीत नाही. वेगवेगळी मॉडेल्स आहेत, काहींत आधीचं विश्व आहे, काहींत 'आधी' हा प्रश्नच उरत नाही कारण काळच तिथे सुरू होतो.

दुसऱ्या बाजूनेही हेच झालंय बरं का. फ्रेड हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थितीचं विश्व मांडलं, ज्याला ना आरंभ ना अंत, आणि आपले डॉ. जयंत नारळीकर पुढे हॉइलांबरोबर त्या दिशेने कितीतरी वर्षं काम करत राहिले. हॉइलांना आरंभाच्या कल्पनेत धर्माचा वास येत होता हे त्यांनी लपवलं नाही. पण ती थिअरी मागे पडली ती त्या खरखरीमुळे, देवाच्या बाजूने किंवा विरुद्ध कुणी मत दिल्यामुळे नाही.

आता तर्काचं. कारणाशिवाय कार्य नसतं हा आपला अनुभव विश्वाच्या आतल्या गोष्टींचा आहे, जिथे काळ आधीच वाहतोय, कारण आधी येतं आणि कार्य नंतर. सगळ्या विश्वालाच तो नियम लावता येतो का, हा खुला प्रश्न आहे. आणि समजा लावला, तरी 'काहीतरी कारण आहे' इथपासून 'ते कारण माझी प्रार्थना ऐकतं' इथपर्यंतचं अंतर फिजिक्सने कापलेलं नाही. शिवाय सगळे धर्म आरंभ मानतात असंही नाही, जैन विचारात जग अनादि आहे आणि त्याला कुणी निर्माता नाही, वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनाही सृष्टिकर्ता लागत नाही. बिग बँगने ईश्वर सिद्ध झाला म्हणाल तर त्याच दमात हे विचार खोटे ठरले असं म्हणावं लागेल, आणि तेवढं बळ त्या पुराव्यात नाही.

प्रश्न: तुम्ही उगाच मधलं बोलताय असं वाटतं. क्वांटम फिजिक्सनुसार विश्व शून्यातून आपोआप तयार होऊ शकतं, मी स्वतः व्हिडिओ पाहिलाय. मग देवाची गरज संपली ना?

उत्तर: मी मधलं बोलत नाही, जे माहीत आहे तेवढंच बोलायचा प्रयत्न करतेय. तुमचा मुद्दा मात्र कच्चा नाही, त्यामागे खरं फिजिक्स आहे.

आपण एखादी पेटी घेतली, त्यातली हवा काढली, शेवटचा अणूसुद्धा काढला, प्रकाश अडवला, तरी आत काही उरतं. क्वांटम फील्ड उरतात, म्हणजे सगळीकडे पसरलेली अशी क्षेत्रं ज्यांच्या हालचालीतून कण बनतात, आणि ती कधी पूर्ण शांत नसतात. १९४८ मध्ये हेंड्रिक कॅसिमिर यांनी गणित केलं की अशा पोकळीत धातूच्या दोन प्लेट्स एकमेकींच्या अगदी जवळ ठेवल्या तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातील, चार्ज नाही, मॅग्नेट नाही, नुसत्या पोकळीमुळे. १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमरो यांनी ते ओढणं नीट मोजून दाखवलं. म्हणजे पोकळी काहीतरी करते. याच धाग्यावर एडवर्ड ट्रायन यांनी १९७३ मध्ये सुचवलं की आपलं विश्वच अशा पोकळीतली एक उसळी असू शकेल, कारण पदार्थाची ऊर्जा धन आणि गुरुत्वाकर्षणाची ऋण धरली तर एकूण बेरीज शून्य येऊ शकते. १९८२ मध्ये अलेक्झांडर विलेंकिन आणखी पुढे गेले, त्यांच्या गणितात अवकाश आणि काळसुद्धा नसताना एक इवलंसं विश्व टनेल होऊन, म्हणजे एरवी ओलांडता न येणारा अडथळा क्वांटमच्या नियमांनी पार करून, अवतरतं.

यातून एक गोष्ट खरंच बदलली. 'एवढी ऊर्जा आणली कुणी' हा जो आक्षेप पूर्वी फार वजनदार वाटायचा तो आता तितका राहिला नाही. हे धार्मिक वाचकांनीही मान्य करावं असं मला वाटतं.

पण ट्रायन यांना पोकळी लागते, आणि पोकळीत फील्ड आहेत. विलेंकिनना अवकाश लागत नाही पण क्वांटमचे नियम लागतात, ते नियम विश्वाच्या आधी 'असावे' लागतात. कुठे असतात ते? कशावर लिहिलेले? हेच नियम का, दुसरे का नाहीत, आणि नियम तरी का? विलेंकिननी स्वतः हा प्रश्न उघडपणे विचारलाय. तत्त्वज्ञ लाइबनिझने १७१४ मध्ये विचारलं होतं की काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, आणि तो प्रश्न तुमच्या व्हिडिओनंतरही तिथेच उभा आहे, एक पायरी मागे सरकून. कुणी म्हणेल नियम आहेत ते आहेत, त्यापुढे विचारू नका. कुणी म्हणेल ईश्वर आहे तो आहे, त्यापुढे विचारू नका. दोघंही कुठेतरी थांबतात आणि कुठे थांबायचं ते आजवर कुठल्याही प्रयोगाने ठरवलेलं नाही. मला स्वतःला हा प्रश्न इतका खरा वाटतो की त्याला घाईने मिटवून टाकलेलं बघवत नाही, मग मिटवणारा प्रवचनकार असो की प्रोफेसर.

प्रश्न: डबल स्लिट प्रयोगात आपण पाहिलं की इलेक्ट्रॉन कण होतो, नाही पाहिलं तर लहर. म्हणजे जाणीव हेच अंतिम सत्य आहे आणि आपल्या विचारांनी वास्तव घडतं, हे सिद्ध झालं ना?

उत्तर: नाही, आणि हे मला ठामपणे सांगायचंय कारण याच वाक्यावर कितीतरी कोर्स विकले जातायत.

आधी प्रयोग बघू. १९८९ मध्ये जपानमध्ये अकिरा टोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी स्क्रीनपर्यंत जायला दोन वाटा ठेवून एकेक इलेक्ट्रॉन सोडला. स्क्रीनवर एक ठिपका. मग दुसरा, भलतीकडेच. सुरुवातीला नुसते विखुरलेले ठिपके, काहीच अर्थ लागत नाही, पण हजारो ठिपके साठले की त्यातून हळूहळू उभे पट्टे दिसायला लागतात, लहरी एकमेकींत मिसळल्यावर पडतात तसे. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटाच गेला होता तरी. हे खरोखर विलक्षण आहे, आणि फिजिक्सवाल्यांनाही त्याची सवय झालीये एवढंच, ते साधं झालेलं नाही.

आता 'पाहणं' म्हणजे काय. व्हिएन्नाच्या गटाने १९९९ मध्ये असेच पट्टे ६० कार्बन अणूंच्या रेणूने पाडून दाखवले, आणि २००४ मध्ये तिथेच ७० कार्बनचे रेणू लेझरने तापवून सोडले. रेणू जितका गरम तितका तो स्वतःच प्रकाश बाहेर टाकतो, आणि त्या प्रकाशातून तो कुठल्या वाटेने गेला याची माहिती आसपास सांडते. तापमान वाढवत नेलं तसे पट्टे पुसट होत गेले. त्या सांडलेल्या प्रकाशाकडे कुणी बघत नव्हतं, तो टिपायला डिटेक्टरही नव्हता. माहिती बाहेर सांडली एवढं पुरलं. म्हणजे लहरीचं वागणं मोडायला डोळा लागत नाही, मन लागत नाही, परिसराशी झालेली देवाणघेवाण लागते.

हो, युजीन विग्नर यांच्यासारख्या नोबेल मिळालेल्या माणसाने १९६१ मध्ये लिहिलं होतं की मोजमाप पूर्ण व्हायला जाणीव लागते. नंतर त्यांनी स्वतःच ते मत सोडलं. मोजमापाच्या क्षणी नक्की काय होतं यावर आजही एकमत नाही हे मी लपवणार नाही, आणि जाणीव म्हणजे काय हे तर फिजिक्सने सोडवलेलंच नाही. पण क्वांटम फिजिक्सचे जे वेगवेगळे अर्थ लावले जातात त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, इलेक्ट्रॉन इकडे पडावा अशी कितीही तीव्र इच्छा केली तरी शक्यता तसूभर हलत नाही.

अद्वैत मानणाऱ्यांना राग येऊ नये. क्वांटम फिजिक्सचं मूळ समीकरण मांडणाऱ्या श्रोडिंजरना वेदान्ताची मनापासून ओढ होती, त्यांनी त्यावर लिहिलंयही. पण आपलं समीकरण त्यांनी हायड्रोजनच्या मोजलेल्या वर्णपटाशी जुळवूनच मांडलं, उपनिषदांचा दाखला देऊन नाही. वेदान्त हा अनुभवाबद्दल आणि 'मी कोण' याबद्दल बोलतो, त्याला इलेक्ट्रॉनची शिफारस लागू नये.

प्रश्न: ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. आत्म्याचं वर्णन हेच आहे. यावर आपलं मत? आत्म्याचं वजन २१ ग्रॅम असतं हेही खरं का?

उत्तर: आधी २१ ग्रॅमचं. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या डंकन मॅकडूगल नावाच्या डॉक्टरने मरणासन्न पेशंटचे पलंग वजनकाट्यावर ठेवून मोजणी छापली. पेशंट फक्त ६. त्यातल्या एकाचं वजन मृत्यूच्या वेळी पाऊण औंस म्हणजे २१ ग्रॅम उतरलं, बाकीच्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, दोघांची मोजणी त्याने स्वतःच बाद धरली. एका माणसाचा एक आकडा, तो शंभर वर्षांहून जास्त फिरतोय.

ऊर्जेचं म्हणाल तर शांत बसलेलं शरीर साधारण १०० वॅटने उष्णता बाहेर टाकत असतं, ती अन्नातून येते, आणि मृत्यूनंतर उरलेली उष्णता खोलीतल्या हवेत जाते, रासायनिक ऊर्जा जिवाणूंना मिळते किंवा ज्वाळेत निघून जाते. हिशेब पूर्ण लागतो. आणि ऊर्जेला आठवण नसते, ती कुणाची होती हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. तुमचा आत्मा म्हणजे हीच ऊर्जा म्हटली तर त्यात 'तुम्ही' काहीच उरत नाही, मग अमर काय झालं?

इथे फिजिक्स धर्माच्या प्रश्नाला खरंच भिडतं असं मला वाटतं. आत्मा हा जर मेंदूतले अणू ढकलणारा, शरीरातून बाहेर पडणारा पदार्थ किंवा शक्ती असेल तर त्याचा अणूंशी काहीतरी बल लावण्याचा संबंध असणार, आणि त्या पातळीवरची बलं इतक्या बारकाईने तपासली गेलीयेत की असं काही असतं तर दिसायला हवं होतं. पण गीतेतला आत्मा शस्त्राने कापला जात नाही आणि अग्नीने जळत नाही, मग तो काट्यावर कसा येईल? जो मोजता येत नाही असं आपणच म्हणतो त्याचं वजन सांगत फिरणं हे विज्ञानाशीही खोटं आहे आणि गीतेशीही.

प्रश्न: सर्नमध्ये देवकण सापडला, आणि तिथे नटराजाची मूर्तीही आहे. म्हणजे त्यांनी मान्य केलंच ना?

उत्तर: सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची कणांवर प्रयोग करणारी मोठी प्रयोगशाळा. तिथे मूर्ती आहे, भारत सरकारने २००४ मध्ये भेट दिलेली. भेट म्हणून ती सुंदर आहे, पुरावा म्हणून तिचा उपयोग नाही. हिग्ज बोसॉन, म्हणजे मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या फील्डचा कण, सापडल्याचं ४ जुलै २०१२ ला जाहीर झालं. 'देवकण' हे टोपणनाव लिऑन लेडरमन यांच्या पुस्तकामुळे पसरलं आणि पीटर हिग्जना स्वतःला ते आवडायचं नाही. अजून एक, हिग्जमुळे सगळ्याला वस्तुमान मिळतं असं सरसकट सांगतात तेही बरोबर नाही. तुमचं वजन ६० किलो असेल तर त्यातलं हिग्जमुळे आलेलं जेमतेम अर्धा-पाऊण किलो, बाकी सगळं प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आत क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या बलाची ऊर्जा आहे. मला तर हे देवकणापेक्षा जास्त थक्क करणारं वाटतं.

प्रश्न: निसर्गाचे स्थिरांक थोडे जरी वेगळे असते तरी जीवन शक्य नव्हतं. इतकं अचूक कुणीतरी जुळवल्याशिवाय कसं होईल?

उत्तर: स्थिरांक म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ताकद किंवा इलेक्ट्रॉनचा चार्ज यांसारखे निसर्गाचे ठरलेले आकडे. आस्तिकांच्या बाजूचा सगळ्यात ताकदीचा मुद्दा हाच आहे, मी तो हलका घेत नाही.

१९५३ ची गोष्ट. हॉइल विचार करत होते की ताऱ्यांमध्ये कार्बन बनतो कसा. तीन हेलियम केंद्रकं एकत्र यावी लागतात आणि ते इतकं अवघड आहे की कार्बन जवळजवळ बनायलाच नको. म्हणून त्यांनी उलटा विचार केला की कार्बन तर आहे, आपण त्याचेच बनलोय, म्हणजे कार्बनच्या केंद्रकाला अमुक इतक्या ऊर्जेची एक पातळी असलीच पाहिजे. ते अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत विल्यम फाउलरकडे गेले, तिथल्या लोकांनी मोजून पाहिलं आणि ती ७.६५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जागी सापडली. हॉइल काही धार्मिक नव्हते, पण पुढे त्यांनीच लिहिलं की हे सगळं बघून एखाद्या प्रचंड बुद्धीने नियमांत हात घातलाय असं वाटतं. (नंतरच्या गणितांत दिसलं की ती पातळी थोडी इकडेतिकडे असती तरी चाललं असतं, पण फार नाही.)

दुसरं उदाहरण कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंट, म्हणजे रिकाम्या पोकळीचीच ऊर्जा जी विश्वाला फाकवते. पोकळीची ऊर्जा साध्या अंदाजाने जितकी यायला हवी त्यापेक्षा ती प्रत्यक्षात १ वर १२० शून्यं इतक्या पटीने कमी आहे. जास्त असती तर आकाशगंगा बनायच्या आधीच सगळं फाकून गेलं असतं. भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये सांगितलं की ती शून्य असायलाच हवी असं नाही, आपण अस्तित्वात असण्याइतकी छोटी असली की पुरे, आणि १९९८ मध्ये सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, अभ्यासातून ती खरंच छोटी पण शून्य नसलेली निघाली. वाइनबर्ग यांचा तर्क असा की विश्वं अगणित असतील तर जिथे प्रश्न विचारणारे जीव तयार होतात तिथेच हा प्रश्न पडणार. पण बाकीची विश्वं दिसत नाहीत, तेव्हा तिकडेही आज विश्वासच ठेवावा लागतो हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे.

मग माझं काय मत? 'इतकं अशक्य' असं म्हणताना आपण संभाव्यता सांगतो, आणि विश्व आपल्याकडे एकच आहे. फासा किती बाजूंचा आहे हे माहीत नाही, तो टाकला जाऊ शकतो का तेही माहीत नाही, मग पडलेलं दान दुर्मीळ आहे हे कसं ठरवणार? आणि एक इतिहास डोळ्यासमोर ठेवावा असं वाटतं. ग्रह एकमेकांना ओढून हळूहळू व्यवस्था बिघडवतील आणि देवाला मधूनमधून ती नीट करावी लागेल, असं न्यूटनला वाटायचं. गुरू आणि शनीच्या गतीत तसा बिघाड दिसतही होता. सुमारे १७८५ मध्ये फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने दाखवलं की तो बिघाड नाहीये, सुमारे ९०० वर्षांचं चक्र आहे, जातं आणि परत येतं. ज्यांनी देव त्या बिघाडात शोधला होता त्यांना तो तिथून हलवावा लागला. उद्या स्थिरांकांचं कारण सापडलं तर? सापडेलच असं मी म्हणत नाही. पण ज्याची श्रद्धा खोल आहे त्याने ती आजच्या न सुटलेल्या गणितावर का टांगावी, हे मला खरंच कळत नाही.

प्रश्न: माझे यजमान गेल्या वर्षी गेले. आइनस्टाइनने मित्राच्या मृत्यूनंतर लिहिलं होतं की भूत, वर्तमान, भविष्य हा भेद एक भ्रम आहे. मॅडम, म्हणजे ते अजून आहेत असं विज्ञान म्हणतं का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आइनस्टाइनचे जुने मित्र मिकेले बेस्सो मार्च १९५५ मध्ये गेले, तेव्हा त्यांनी बेस्सोंच्या घरच्यांना ते लिहिलं, आणि महिन्याभरात ते स्वतःही गेले. नुसतं सांत्वन म्हणून लिहिलेलं ते वाक्य नाही, त्यामागे रिलेटिव्हिटी, म्हणजे आइनस्टाइनचा सापेक्षता सिद्धांत, आहे. सगळ्या विश्वासाठी एकच 'आत्ता' असं काही नसतं. दोन माणसं रस्त्यात एकमेकांना ओलांडून विरुद्ध दिशांना चालत गेली तर २५ लाख प्रकाशवर्षं दूर असलेल्या देवयानी आकाशगंगेत 'आत्ता' काय चाललंय याबद्दल त्यांच्या हिशेबात काही दिवसांचा फरक पडतो, नुसत्या चालण्याच्या वेगाने. मग बऱ्याच फिजिक्सवाल्यांना वाटतं की झालेलं आणि व्हायचं असलेलं सगळंच काळाच्या पटावर सारखंच खरं आहे. सगळ्यांना हे पटत नाही, काही जण काळाचं वाहणं खरं मानतात.

पटलं तरी त्याचा अर्थ असा की तुमची एकत्र गेलेली वर्षं पुसली गेलेली नाहीत, ती जिथे होती तिथे तितकीच खरी आहेत. ते आज कुठेतरी आहेत किंवा पुढे भेटतील, असं त्यातून निघत नाही, आणि भेटणार नाहीत असंही मी तुम्हाला फिजिक्सच्या नावाने सांगू शकत नाही. यापेक्षा जास्त सांगितलं तर मी तुमच्याशी खोटं बोलले असं होईल.

प्रश्न: नासदीय सूक्तात बिग बँग आधीच सांगितलाय हे तुम्ही का लिहीत नाही?

उत्तर: कारण तिथे तो नाहीये. तिथे आहे ते माझ्या मते त्याहून मोठं आहे. सत् नव्हतं, असत् नव्हतं असं म्हणत ऋग्वेदातलं ते सूक्त विचारत जातं की ही सृष्टी आली कुठून, आणि शेवटी म्हणतं की जो हिचा अध्यक्ष आहे त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. इतक्या जुन्या काळी देवांच्या ज्ञानाबद्दलही शंका घ्यायचं धैर्य त्या ऋषींना होतं. त्यांच्या प्रश्नाला आपण आपल्या काळच्या एका थिअरीचं उत्तर चिकटवतो, आणि उद्या थिअरी बदलली की सूक्त चुकलं म्हणणार का? पोपच्या बाबतीत लमेत्रना जे खटकलं तेच मला इथे खटकतं.

प्रश्न: मी अकरावीत आहे. मला थिऑरेटिकल फिजिक्स करायचंय पण घरी सगळे धार्मिक आहेत आणि मीही रोज प्रार्थना करतो. एक मित्र म्हणतो की पुढे दोन्हीपैकी एक सोडावंच लागेल. खरं आहे का?

उत्तर: १९७९ चं फिजिक्सचं नोबेल तिघांना मिळालं, शेल्डन ग्लॅशो, अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग, विद्युतचुंबकीय बल आणि वीक फोर्स (काही प्रकारच्या किरणोत्सर्गामागचं बल) मुळात एकच आहेत हे दाखवल्याबद्दल. सलाम मनापासून धार्मिक मुसलमान होते आणि निसर्गातली एकता शोधताना आपल्याला श्रद्धेतून प्रेरणा मिळते असं ते सांगायचे. वाइनबर्ग उघड नास्तिक होते. दोघांनी स्वतंत्रपणे काम केलं आणि एकाच थिअरीवर येऊन पोचले, आणि तिने सांगितलेले डब्ल्यू आणि झेड कण १९८३ मध्ये सर्नला सापडले. समीकरण सोडवताना दोघांचं देवाबद्दलचं मत कुठे आड आलं नाही.

काही गोष्टी बदलतील हे मात्र आधीच सांगते. पृथ्वीचं वय, माणसाची उत्पत्ती, ग्रहणं यांबद्दल एखाद्या ग्रंथातलं विधान मोजमापाशी जुळलं नाही तर मोजमापाच्या बाजूने उभं राहावं लागेल, घरी वाद झाला तरी. प्रार्थना करायची की नाही हा तुझा प्रश्न, त्यावर मित्राचं ऐकू नकोस आणि माझंही नको. आत्ता खरी अडचण वेगळीच आहे, तू पत्रात लिहिलंयस की कॅल्क्युलस नुसतं पाठ करून चाललंय. ते थांबव. डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे, मग व्हेक्टर, मग मेकॅनिक्सची गणितं उत्तर न बघता, आणि अडलं की लिही, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.